काळ्या वाटाण्याचं गाऱ्हाणं

"काका, काल संध्याकाळी काय खाल्लंत?" डॉक्टर दर्शनाने विचारलं, आणि शिवदास घाडीगावकरांनी पापणीही न हलवता सांगितलं, "पेज."

"नुसती पेज?"

"नुसती. मीठ घालून."

मीठ घातलं की खोटं जरा खऱ्यासारखं लागतं, असा त्यांचा अनुभव होता. दर्शनाने कागदावर 'पेज' लिहिलं आणि त्यांच्या पोटावर हलकेच थाप मारून म्हणाली, "शाब्बास. आज तुमच्या पोटाने मला साथ दिली ना काका, की बाकी सगळं झकास!" नेमका त्याच क्षणी पोटाने कुर्रर्र असा लांबलचक आवाज काढला. "भूक लागलेली दिसते," ती हसून म्हणाली. काकाही हसले. भूक कसली लागते! आत कालचे चार वडे आणि दोन वाट्या काळ्या वाटाण्याचं सांबारं ठाण मांडून बसलं होतं आणि पहाटेपासून बाहेरची वाट शोधत होतं.

कांजूरमार्गच्या चाळीत सगळे त्यांना घाडीकाका म्हणत. वय एकाहत्तर. तीस वर्षं गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये लाइटमन म्हणून काढलेली, पण त्यांना जो मान होता तो गाऱ्हाण्याचा. कोकणातला माणूस देवाकडे अर्ज करत नाही, सरळ हाक मारून गाऱ्हाणं घालतो. एकाने खड्या आवाजात देवाला काय हवं ते सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला भोवती जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. ते 'व्हय' पडलं की मागणं पोचलं. घाडीगावकरांच्या घराण्याकडे गावात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि काका मुंबईला आले तेव्हा हे काम सोबत घेऊनच आले. चाळीच्या पाण्याच्या पंपासाठी त्यांनी गाऱ्हाणं घातलं, शेजारच्या विकीच्या बारावीसाठी घातलं, आणि स्टुडिओत नवा सेट लागला की मुहूर्ताच्या नारळालाही तेच पुढे. एकदा तर एका पंजाबी नटीनेही हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. एवढं सगळं मागितलं, पण स्वतःसाठी कधी नाही. वाढप्याने आधी आपल्या पानात वाढून घ्यायचं नसतं, असं त्यांचे वडील सांगत.

दीड महिन्यापूर्वी लघवीच्या तक्रारीसाठी ते घाटकोपरच्या या हॉस्पिटलात सोनोग्राफी करायला आले. दर्शना त्यांच्या पोटावरून यंत्र फिरवता फिरवता थांबली, परत मागे गेली, आणि गप्प झाली. डॉक्टर गप्प झाला की पेशंटने घाबरावं, एवढं काकांना कळत होतं. तिने मग पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवलं. पोटातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, एरवी अंगठ्याएवढी असायची ती, एका जागी मोसंबीएवढी फुगली होती. फुटली तर हॉस्पिटलपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही, असं ती म्हणाली. उपाय होता. पोट न फाडता दोन्ही जांघांतून तारा आत सरकवायच्या, त्यांच्यावरून एक कापडी नळी न्यायची आणि फुग्याच्या आत ती उघडायची, म्हणजे रक्त नळीतून जातं आणि फुग्यावरचा ताण जातो.

अडचण निराळीच होती. नळी नेमकी कुठे उघडायची ते दिसावं म्हणून रक्तात डाय सोडतात आणि एक्सरेवर बघतात. तो डाय बाहेर पडतो किडनीतून, आणि काकांच्या किडन्या आधीच जेमतेम चालत होत्या. डाय दिला तर त्या बसण्याची मोठी भीती. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जन्मभर. काकांनी हे ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पहिली गोष्ट आली ती गावच्या रवळनाथाची जत्रा. चाळीस वर्षं त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. आठवड्यातून तीनदा यंत्राला जुंपलेला माणूस आठ दिवस गावाला जाणार कसा? देवळासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालणार कोण?

"डाय न देता करू या," दर्शना म्हणाली होती. "मी सोनोग्राफीचं मशीन ऑपरेशनमध्येच घेऊन येते. नळी कुठे बसवायची ते मी दाखवते. आणि शेवटी गळती आहे का ते बघायला बारीक बुडबुड्यांचं इंजेक्शन देतात. ते बुडबुडे श्वासावाटे निघून जातात, किडनीला त्यांचा पत्ताही लागत नाही."

सर्जन डॉक्टर चंद्रप्रकाश नागपूरचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी मान्य केलं, पण एक अट घातली. "मला दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मी डाय देणार. जीव आधी, किडनी मग."

आणि न दिसण्याचं एकच कारण असू शकत होतं. पोटातला वारा. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी गॅसच्या पलीकडे जात नाहीत, पडद्यावर नुसतं पांढरं धुकं येतं. म्हणून दोन दिवस डाळ बंद, दूध बंद, सोडा बंद. पथ्याच्या कागदावर 'वाटाणे' हा शब्द दर्शनाने स्वतःच्या हाताने लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. दोन!

पण काल संध्याकाळी भेटायच्या वेळेत मालन आली. मालन म्हणजे काकांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि तो उघडायच्या आधीच काकांना वासावरून सगळं कळलं.

"ह्या काय गे?"

"नैवेद्य. देवाक दाखवलंय, आता तू खा."

"मालन, माका वाटाणे बंद आसत. डॉक्टरीणबायन दोन रेघो मारल्यान."

"देवाच्या नैवेद्याक पथ्य नसता," मालन म्हणाली, जणू हे वाक्य पथ्याच्या कागदावरच छापलेलं होतं.

काकांनी डबा बाजूला सारला. मग सहज विचारलं, "गाऱ्हाणा कोणी घातल्यान?"

"मीच."

काका उठून बसले. मालनने जन्मात गाऱ्हाणं घातलं नव्हतं. ती कायम 'व्हय' म्हणणाऱ्यांत, तेही मागच्या ओळीत. "आणि 'व्हय म्हाराजा' कोण म्हणाला?"

मालन पदराने डब्याचं झाकण पुसत राहिली. झाकण स्वच्छच होतं. "कोण म्हणतला? दुपारची चाळीत कोण असता? सगळी कामार गेली. तुझ्यासाठी मीच मागलंय, आणि मीच व्हय म्हटलंय."

काकांच्या डोळ्यांपुढे ते आलं. रिकामं घर, देवाचा फोटो, मालन एकदा मागते आणि मग आपलंच आपल्याला उत्तर देते. त्यांनी डबा परत पुढे ओढला. त्यांनी पहिला वडा देवासाठी खाल्ला. दुसरा मालनसाठी. तिसरा सांबारं उरलं म्हणून, आणि चौथा वडा उरला म्हणून.

आता या पापासकट त्यांना ढकलगाडीवरून ऑपरेशन थिएटरात नेण्यात आलं. ढकलणारे नंदूमामा थिएटरचे सगळ्यात जुने कामगार, रिटायर व्हायला वर्ष उरलेलं. "खयचे तुम्ही?" त्यांनी दारातच विचारलं. काकांनी गाव सांगितलं. "मी कनेडीचो," मामा म्हणाले, म्हणजे तेही कणकवलीकडचेच, आणि काकांना वाटलं की आता निम्मं ऑपरेशन झालंच.

फक्त जांघा बधिर करणार होते. बाकी काका जागे. भुलेच्या डॉक्टरांनी सलाइनमधून थोडंसं औषध सोडलं आणि म्हणाले, "झोप नाही येणार काका, जरा मजेत वाटेल." मजेत? दोन मिनिटांत काकांना वाटायला लागलं की आपलं वजन शिल्लकच नाही, चादर बाजूला केली तर आपण छताला जाऊन लागू. सगळं जग त्यांना आवडायला लागलं. सिस्टरच्या टोपीवरची फुलं आवडली. यंत्राचा टिक टिक आवाज आवडला. त्यांनी वरच्या मोठ्या दिव्याकडे एकदा धंद्याच्या नजरेने पाहिलं आणि बोललेच, "डॉक्टर, ह्या लाइटची तुमच्या हातावर सावली पडतेय. जरा डावीकडे घ्या, खाली झुकवा."

पेशंटने सर्जनला सल्ला द्यायची पद्धत नसते. नंदूमामांनी घाबरत घाबरत दिवा सरकवला.

"बरोबर आहे," चंद्रप्रकाश म्हणाले.

काका इतके खूश झाले, की तिथल्या प्रत्येकाला सगळं काही सांगून टाकावं असं त्यांना वाटू लागलं. लहानपणी आंबे चोरले ते, एका दिग्दर्शकाच्या अंगावर लाइटचा स्टँड पाडला ते. फक्त एक गोष्ट तेवढी जिभेखाली दाबून ठेवायची होती. आणि एक गोष्ट दुसरीकडे. पोट आता नुसतं कुरकुरत नव्हतं, दार ठोठावत होतं. पण समोर दर्शना, दोन सिस्टर आणि एक्सरेवाली मुलगी. चार बायकामाणसं! घाडीगावकरांच्या घरातला माणूस असल्या जागी मेला तरी बेहत्तर, पण तसलं काही करणार नाही. त्यांनी दात आवळले, आणि बाकीचंही जे काही आवळता येतं ते आवळलं.

तारा आत गेल्या. काकांना काही जाणवलं नाही. मग डाव्या बाजूला दर्शना आली, पोटावर गार जेल पडलं आणि तिचं यंत्र फिरू लागलं. काकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. पांढरं. नुसतं पांढरं. तिने जागा बदलली. तिथेही पांढरं. दुसऱ्या बाजूने. जरा वरून. पांढरं, पांढरं.

"परवा तर आरशासारखं दिसत होतं," ती पुटपुटली. तिच्या कपाळावर घाम आला आणि नंदूमामांनी पुढे होऊन तो टिपला.

"काय झालं?" चंद्रप्रकाशांनी विचारलं.

"गॅस आहे सर. खूप." तिचा आवाज पडला होता. "दोन दिवस पेजेवर असलेल्या माणसाच्या पोटात एवढा गॅस म्हणजे आतडी थंडावलीत. भीतीने होतं असं कधी कधी. मग तो जागचा हलत नाही, आणि दाबून उपयोग नाही."

"तारा आत आहेत दर्शना. मी थांबू शकत नाही. पाच मिनिटं. मग डाय."

सिस्टरने कपाटातून एक बाटली काढून ट्रॉलीवर ठेवली. बंद, सीलबंद, पाण्यासारखी स्वच्छ. काका त्या बाटलीकडे बघत राहिले. तिच्यात त्यांना डायलिसिसचं यंत्र दिसलं, रिकामं देऊळ दिसलं, आणि हात बांधून गप्प उभा असलेला अख्खा गाव दिसला. आणि दर्शना! ती बिचारी आपल्या पेजेवर विश्वास ठेवून आतड्यांना दोष देत होती. औषधाने हलकं झालेलं मन क्षणात जड झालं. सांगायला हवं. आत्ता, लगेच. त्यांनी तोंड उघडलं. "डॉक्टर," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द फुटेना. चारचौघांत आपल्याविषयी काही बोलायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. मोठ्याने बोलायची तिला एकच रीत ठाऊक होती.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

सिस्टरच्या हातातला चिमटा खणकन खाली पडला. "कोण बोललं?" चंद्रप्रकाश दचकून म्हणाले.

"आज तुझा ह्या लेकरू घाटकोपरच्या इस्पितळात टेबलार पडला आसा," काका छताकडे बघून खड्या आवाजात म्हणाले, "आणि त्याच्या हातून एक मोठी चूक झाली रे म्हाराजा!"

इथे सवयीने ते थांबले. आणि कोपऱ्यातून तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

नंदूमामांनी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. त्यांची काही चूक नव्हती. गाऱ्हाण्यातली ती थांबण्याची जागा आली की कणकवलीकडच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं, मालकाला विचारत नाही.

"डॉक्टरीणबायन सांगितला होता, वाटाणे खाव नको. ह्या लेकरान तिका पेज म्हणान सांगितला, आणि दोन वाटी काळ्या वाटाण्याचा सांबारा खाल्ल्यान रे म्हाराजा! वर चार वडे!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी भुलेचे डॉक्टरही म्हणाले. आवाजाला जोर आला होता.

"आणि पहाटेपासून जा काय पोटात फिरता, ता ह्या लेकरान, बायकामाणसा आसत म्हणान, लाजेपायी कुलूप लावन धरल्यान रे म्हाराजा!"

'व्हय' म्हणायला कोणी उरलंच नाही. एक सिस्टर भिंतीला टेकून हसत होती, दुसरी तिला गप्प करता करता स्वतःच फुटली. हसली नाही ती एकटी दर्शना. ती ताठ उभी राहिली होती आणि मास्कच्या वर तिचे डोळे चमकत होते.

"वाटाणे?" ती म्हणाली. "काका, खरंच वाटाणे? शपथ?"

"देवाशपथ."

"सर!" ती जवळजवळ ओरडलीच. "आतडी थंड नाहीत! मस्त चालू आहेत! हा वाटाण्याचा गॅस आहे सर, चालता गॅस, आणि यांनी तो कोंडून ठेवलाय. हा सरकेल. पाच नाही, दहा मिनिटं द्या!"

चंद्रप्रकाशांनी घड्याळाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांच्या सर्जरीत त्यांच्यासमोर असा प्रश्न आला नव्हता. "दिली," ते म्हणाले.

दर्शना काकांच्या कानाशी वाकली. काकांना वाटलं आता शिव्या बसणार, आणि त्या आपण खाल्ल्या पाहिजेत. "आमच्या घरात देव नाहीत काका," ती हळूच म्हणाली. "माझी आजीसुद्धा देव मानत नव्हती. पण वाटाणा मी मानते. आता कुलूप काढा."

"बाय, तुम्ही सगळ्या हय..."

"इथे बाई नाही, बुवा नाही. इथे तुमची किडनी आहे. सोडा!"

सोडा म्हणणं सोपं. एकाहत्तर वर्षांची लाज अशी हुकमाने जाते होय? काकांनी डोळे मिटले, मनाचा हिय्या केला. काही होईना. दर्शना डाव्या कुशीकडून, फुग्याला धक्का न लावता, हळूहळू दाबत होती. पोट गुरगुरत होतं आणि दार बंदच. एक मिनिट गेलं. तीन गेली. सहा गेली. ट्रॉलीवरची बाटली तशीच उभी होती.

तेव्हा नंदूमामा पुढे आले. टोपी नीट केली, हात जोडले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा!" त्यांनी सुरुवात केली. "ह्या लेकराची सगळी लाज तू आपल्या पदरात घे, आणि ह्येचा पोट मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं थिएटर गरजलं.

आणि काकांना हसू आलं. जन्मभर त्यांनी सगळ्यांसाठी मागितलं, पंप मागितले, बारावीचे निकाल मागितले, आणि आज आपल्यासाठी पाच-सहा माणसं मास्क लावून देवाकडे काय मागतायत, तर हे! ते खुदकन हसले. मग खदाखदा. आणि हसणं आणि कुलूप काही एका पोटात टिकत नाही.

जे व्हायचं ते झालं. त्याच्या लांबीबद्दल थिएटरात पुढे बरेच दिवस मतभेद होते. भुलेचे डॉक्टर म्हणत तीन सेकंद, नंदूमामा काही केल्या सातच्या खाली यायला तयार नव्हते.

"हलू नका!" चंद्रप्रकाश ओरडले.

"पाय नाय हललो डॉक्टर," काका हसण्याच्या उबळीतून म्हणाले. "बाकीचा माझ्या हातात नाय."

"दिसलं!" दर्शना किंचाळली.

पडद्यावरचं धुकं बाजूला सरकत होतं. आधी एक काळा काठ दिसला, मग अख्खा गोल, तो फुगा, छातीच्या ठोक्याबरोबर हलणारा. तिने यंत्र जरा वर सरकवलं आणि तिथे दोन बारीक फांद्या दिसल्या, एक लाल चमकणारी, एक निळी. "ह्या काकांच्या किडन्यांच्या वाटा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज हसण्याचा होता की रडण्याचा ते सांगता येत नव्हतं. "सर, नळी खाली घ्या. अजून. अजून दोन मिलिमीटर. बस! इथे. ह्याच्या केसभरही वर नको."

नळी उघडली. तिला खाली दोन पाय होते, चड्डीसारखे, आणि ते दोन्ही बाजूंना नीट बसले. मग बुडबुड्यांचं इंजेक्शन आलं.

"एवढे मोठे काढले बाहेर," काका म्हणाले, "आता तुम्ही बारीक बारीक परत आत सोडताय?"

आता चंद्रप्रकाशही हसले. त्यांना हसताना थिएटरात फारसं कोणी पाहिलं नव्हतं. पडद्यावर बुडबुडे चमचमत नळीतून धावले, गोळी सोड्याची बाटली फुटावी तसे. पण दर्शना हसायची थांबली. वरच्या काठापाशी तीन-चार बुडबुडे नळीच्या बाहेर निसटत होते. "गळतंय सर. वरून." चंद्रप्रकाशांनी तारेवरून एक छोटा रबरी फुगा आत नेला, तो फुगवून नळीचा काठ भिंतीला घट्ट दाबून बसवला आणि तो रबरी फुगा काढून घेतला. पुन्हा बुडबुडे. सगळ्यांनी श्वास रोखला, काकांनी तर सांगायच्या आधीच. चमचमतं पाणी नळीतून सरळ खाली गेलं. नळीच्या बाहेर सगळं काळं आणि शांत राहिलं. एकही बुडबुडा नाही.

चंद्रप्रकाशांनी सीलबंद बाटलीकडे मान हलवली. "ही कपाटात ठेवा," ते सिस्टरला म्हणाले. मग थोडं थांबून, जरा लाजत, "व्हय महाराज."

"म्हाराजा," नंदूमामांनी दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दर्शना वॉर्डात आली ती हातात कागद नाचवतच. किडनीचा आकडा ऑपरेशनच्या आधी होता तोच होता, उलट किंचित खाली आला होता. "जत्रेला जा काका," ती म्हणाली. "बिनधास्त जा."

उशाशी बसलेल्या मालनने लगेच छाती पुढे काढली. "मी सांगलंय ना! नैवेद्य पावलो. तूच खायना नाय होतंस."

काकांनी दर्शनाकडे पाहिलं. सगळं तिच्या हातात होतं. एका वाक्यात ती मालनला रडवू शकली असती. दर्शनाने मालनचा हात हातात घेतला. "पावला मावशी," ती म्हणाली, "असा पावला की विचारू नका!" मग काकांकडे वळून, "पुढच्या महिन्यात तपासणीला याल तेव्हा मात्र पेज."

"नुसती?"

"मीठ घालून," ती म्हणाली आणि हसत निघून गेली.

मालन इतका वेळ दोघांच्या तोंडाकडे बघत होती. ती साधी होती, वेडी नव्हती. "दादा, खरा सांग. थय काय झाला?"

काकांनी सांगितलं. सगळं. वाटाण्यापासून कुलपापर्यंत. ऐकता ऐकता मालनचा चेहरा पडत गेला. "म्हणजे माझ्याच डब्यान..." ती म्हणाली.

"आयक," काका म्हणाले. "तू गाऱ्हाणा घातलंस, पण व्हय म्हणूक कोण नव्हता. अर्धा ऱ्हवला होता ता. थय पुरा झाला." त्यांनी बोटं मोजायला घेतली. "नंदूमामा, कनेडीचो. भुलेचो डॉक्टर. दोन सिस्टरी. एक्सरेवाली. शेवटाक मोठो डॉक्टर, नागपूरचो, तो पण."

"आणि ही डॉक्टरीणबाय?"

"ती देव मानणा नाय. ती वाटाणे मानता."

मालनने पदर तोंडाला लावला. आधी ती हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग पुन्हा हसली. "मी परवा जोरान म्हटलंय होता व्हय," ती म्हणाली. "पण एकट्या बाईचो आवाज तो. माका वाटला, देवाक आयकाकच गेला नसतला."

काकांनी उशीवर डोकं टेकलं, दोन्ही हात जोडले. "आता घाल परत," ते म्हणाले. "मी व्हय म्हणतंय."

"हय? वॉर्डात?"

"हयच."

मालनने एकदा इकडेतिकडे पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि चाचरत सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा म्हाराजा... माझ्या दादाक उदंड आयुष्य दी रे म्हाराजा..."

आज मागणारी मालन होती, आणि जन्मात पहिल्यांदाच ते 'व्हय' म्हणणाऱ्यांच्या मागच्या ओळीत होते. टाके दुखत होते. तरी काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि 'व्हय म्हाराजा' इतक्या जोरात म्हणाले, की पलीकडच्या तीन खाटांवरची माणसं उठून बसली.